सातव्या मुद्द्याचा चहा

ग्लेंडा हेवर्थ हळू बोलली असं आमच्या हॉलिन बँकमध्ये कुणी सांगितलं, तर तो माणूस परगावचा समजावा. शाळेच्या स्वयंपाकघरात सत्तावीस वर्षं काढलेली बाई. बुधवारचा तिचा स्ट्यू शाळेच्या फाटकापर्यंत घमघमायचा. कुठल्या पोराला गाजर चालत नाही आणि कुणाच्या घरी सकाळी काहीच शिजत नाही, हे तिला न विचारता ठाऊक असायचं. त्या दुसऱ्या पोरांच्या ताटात दोन डाव जास्त पडायचे, तेही खेकसून. "बघतोस काय, खा."

शाळेच्या कारभारी मंडळावर नोकरवर्गाचा एक सभासद असतो. नऊ वर्षं ती जागा ग्लेंडाचीच. मंडळ नऊ जणांचं आणि अध्यक्ष क्रॉसलीसाहेब, बँकेतून निवृत्त झालेले. मी ऑफिसातली कारकून. सभेचं इतिवृत्त मी लिहिते, मला मत नाही.

सव्वीस शाळांच्या एका मोठ्या समूहाला आमची शाळा हवी होती. एकदा त्यात गेलेली शाळा परत गावाची होत नाही. शिक्षक कोण, नियम कुठले, सगळं चाळीस मैलांवरच्या ऑफिसातून ठरणार. जेवणही तिथूनच, व्हॅननं, झाकणबंद डब्यांत. म्हणजे ग्लेंडाच्या स्वयंपाकघराला कुलूप. खिडक्याखिडक्यांत 'शाळा आमची आहे' असे कागद लागले. गावच्या बँडवाल्यांनी फाटकासमोर उभं राहून वाजवलं, तेही पावसात. मंडळात मात्र चार इकडे, चार तिकडे आणि नववी ग्लेंडा, ती गावाच्या बाजूची. म्हणून सगळे निर्धास्त होते.

आता आमच्या सभेची रीत अशी, की सहावा मुद्दा संपला की ग्लेंडा उठते आणि चहा ठेवते. तिला कुणी सांगितलेलं नाही. नऊ वर्षं ती उठते आणि नऊ वर्षं आम्ही पितो. मार्चमधल्या सभेत समूहाचा मुद्दा सातवा होता. ती किटली भरायला गेली, तसे क्रॉसलीसाहेब म्हणाले, "चहा होईपर्यंत हे उरकून घेऊ या."

चार विरुद्ध चार. मग बरोबरी फोडायला अध्यक्षांचं जादा मत, समूहाच्या बाजूनं. पुढच्या तयारीला लागायचं, गावाचं म्हणणं मागवायचं आणि मे महिन्यात शेवटचं मत घ्यायचं, असं ठरलं. ग्लेंडा ट्रे घेऊन आत आली तेव्हा आठवा मुद्दा चालू होता. मी खाली मान घालून लिहीत होते. "थांबा, ती येऊ दे," एवढं म्हणायला मत लागत नाही. मी म्हटलं नाही. आजही त्याची मला लाज वाटते.

गावानं तिला सोडलं नाही. खाटकाच्या दुकानात रांगेतला एकजण म्हणाला, "काय ग्लेंडाताई, चहा उकळला का?" सगळे हसले. ही बाई एरवी त्याचं तोंड बंद करायची, पण त्या दिवशी मटण न घेताच बाहेर पडली. माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, "जॉयस, ते बरोबर बोलतायत गं. मला कुणी हाकललं नाही, मी आपल्या पायांनी गेले."

मग समूहाला विरोध करणारा अर्ज घेऊन ती घरोघर फिरली. शाळा सुटली की ॲप्रन काढायचा आणि एकेक गल्ली धरायची. दार उघडणारा आधी चहावरून टोमणा मारायचा. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "झालं बोलून? आता सही कर."

मेमधल्या सभेला बाहेर अंगणात निम्मं गाव उभं. सहावा मुद्दा संपला. क्रॉसलीसाहेबांनी चष्मा पुसला. "ग्लेंडा, चहाचं बघतेस ना?"

"नाही. आज तहान मारा."

"बरं. पण एक अडचण आहे. या ठरावात तुझी नोकरी गुंतलीय. नियमानं अशा सभासदानं मतापुरतं बाहेर जायचं असतं."

म्हणजे चहानं नाही तर नियमानं बाहेर काढायचं. ग्लेंडानं पर्समधून लिफाफा काढून माझ्याकडे सरकवलं. "जॉयस, मोठ्यानं वाच."

राजीनामा होता. जुलैअखेर, सत्र संपेपर्यंत काम करीन, त्यानंतर नाही. ओळी तीनच, पण मला दोनदा थांबावं लागलं.

"जुलैपर्यंत मी नोकरीत आहे, म्हणजे मंडळावर आहे," ती म्हणाली. "ऑगस्टपासून स्वयंपाकघर राहिलं काय अन् गेलं काय, मला दमडीचा फायदा नाही. आता सांगा, कशात गुंतलेय मी? घ्या मत."

क्रॉसलीसाहेबांनी नियमांची वही उलटीपालटी केली आणि मिटली. ठरावाच्या बाजूनं चार हात वर झाले. मग विरोधातले पाच.

बाहेर जल्लोष झाला. आत मी तिचा हात धरला. "कागद अजून माझ्याकडेच आहे. फाडते मी."

"फाडलास तर क्रॉसलीसाहेब खरे ठरतील. नोकरीसाठीच केलं म्हणतील. फाइलला लाव."

मी लावला. जुलैच्या शेवटच्या बुधवारी तिनं स्ट्यू केला, पातेली घासली आणि किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. सप्टेंबरात नवी स्वयंपाकीण आली. बरी आहे, पोरं जेवतात. ग्लेंडा दुपारी फाटकावरून जाते तेव्हा पावलं जरा मंद करते. आत येत नाही.

त्याच महिन्यात सभा झाली. सहावा मुद्दा संपला आणि सगळ्यांची नजर नव्या बाईकडे गेली, कारण मंडळावर ग्लेंडाच्या जागी आता ती होती. बिचारी अर्धी उठलीही. मी पेन खाली ठेवलं.

"बस गं," मी म्हटलं. "साहेब, चहा हवा असेल तर आधी सभा थांबवा."

नऊच्या नऊ जण माझ्याकडे बघत राहिले. सभा थांबली. तेही मी इतिवृत्तात लिहिलं.