मेलं की उठायचं

विशाखा गेली हे तिच्या मुलीनं, सुमेधानं, फोनवर सांगितलं. मी परभणीच्या बाजारात दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन उभा होतो. "काका, आई गेली," एवढंच ती बोलली. संध्याकाळपर्यंत आमच्या जुन्या कॉम्प्युटर क्लासच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं आणि श्रद्धांजल्या सुरू झाल्या. शांत स्वभावाची, सोशिक, कधी कुणाला उलटून बोलली नाही. माझं डोकं फिरलं. माणूस मेला म्हणून त्याला इतकं गुळगुळीत करायचं? विशाखा सोशिक नव्हती. ती भांडकुदळ होती आणि भांडायला तिला रोजचं, खात्रीचं माणूस लागायचं. तीस वर्षं तो मान माझा होता आणि तो मी असा कुणाच्या हात जोडलेल्या चित्राखाली सोडून देणार नाही.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. ती पूर्णेहून पॅसेंजरनं यायची, तिचे वडील रेल्वेत फिटर. मी पिंगळीला चढायचो. परभणीत स्टेशनरोडला एका माडीवर नवा कॉम्प्युटर क्लास निघाला होता. दारात चपला काढून आत जायचं, कारण मशीनला धूळ चालत नाही. आत पडदे, गारवा, हळू आवाजात बोलणं. पहिल्या दिवशी मी म्हणालो, देवळात आल्यासारखं वाटायलंय. विशाखा चपला कडेला सरकवत म्हणाली, "देवळापेक्षा बरंय. हितं आमाला आत घेतात." ओळख झाली ती अशी. त्याला तोडीचं उत्तर द्यायचं म्हणून दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तिच्याच डब्यात चढलो.

क्लासमध्ये रंगीत पडद्याचं मशीन एकच, खिडकीपाशी. प्रॅक्टिकल संपलं की सर समोरच्या हॉटेलात चहाला जायचे आणि तेवढ्या वेळात आमचा खरा क्लास भरायचा. कुणाच्या तरी नातेवाइकानं पुण्याहून फ्लॉपीवर एक गेम आणला होता. किल्ल्याच्या भिंती, दारं, दारामागं बंदूक घेतलेले शिपाई. त्याआधीच्या गेममध्ये बाहुल्याएवढा माणूस पडद्यावर पळायचा आणि आपण त्याला वरून बघायचो, पाटलानं ओट्यावर बसून गाव बघावा तसं. या गेममध्ये तो माणूसच दिसेना. दिसायचा फक्त बंदूक धरलेला हात, आणि तो हात आपला. गेममध्ये मेलं की खुर्ची सोडायची, पुढच्यानं बसायचं. मेलं की उठायचं. हा नियम विशाखानंच केला होता, कारण मुलं एकदा बसली की उठायची नाहीत आणि तिचा नंबर यायच्या आत सरांचा चहा संपायचा.

पुढं थंडीत दुसरा गेम आला. त्यात राक्षस, अंधार, जिने, मागून येणारी गुरगुर. आणि आमचा वाद पेटला, या जातीच्या खेळांचा खरा बाप कोण? माझं म्हणणं, दुसरा. पहिल्यात सगळी जमीन सपाट, सगळ्या भिंती काटकोनात. दुसऱ्यात उंची आली, खोली आली, वायरनं दोन मशीनं जोडली तर दोघांना एकत्र खेळता येतं. इथून पुढं सगळे यालाच गिरवणार. विशाखा म्हणायची, "जिना कुटं चढायलास माणिकराव? जिन्याला आदी दार लागतं. दार पहिल्यानं काढलं." वर टोमणा, की तुझा दुसरा आपल्या मशीनवर बैलगाडीसारखा चालायलाय. आमचा तिसरा दोस्त अन्वर दोघांनाही मोडीत काढायचा. त्याच्या मते असली बाप उरुसातला फुगे फोडायचा स्टॉल. "बंदूक हातात, डोळा नळीवर, तुमी सोता दिसत न्हाई. अजून काय पायजे तुमाला?" त्याला हसायचो खरं, पण त्याचा मुद्दा आजही मला खोडता आलेला नाही.

एक अडचण मात्र मी हेरली होती. पडद्याच्या खाली, मधोमध, खेळणाऱ्याचा म्हणून एका गोऱ्या सोजिराचा चेहरा असायचा. मार बसला की रक्ताळायचा, त्यावरून जीव किती उरला ते कळायचं. मी म्हणालो, "हात तुझा म्हणतेस, मग हे थोबाड कुणाचं?" दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी घेऊन आली, बोटभर फाडली आणि काचेवर नेमकी त्या चेहऱ्यावर लावली. अन्वर कळवळला, की अगं मरायला टेकलीस ते कळणार कसं? "कळून काय करायचंय? मरंस्तोर खेळायचंय." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "ह्या खेळात एकच गोष्ट नवी हाय. दार उघडताना कोण आलंय, कुणाचं हाय, ते कुणी इचारत न्हाई. ते तू मला जिन्यात दाखव, मग मी हरले." सरांनी पट्टी काढली की ती नवी लावायची. शेवटी सरच कंटाळले.

त्याच संक्रांतीला विद्यापीठाचा नामविस्तार जाहीर झाला. आम्ही शाळेत होतो तेव्हापासून पेटत आलेलं ते प्रकरण, तिचे वडील त्यात तुरुंगात जाऊन आलेले. पूर्णेत तिच्या वस्तीत त्या दिवशी मिठाई वाटली, आणि आमच्या पिंगळीत काही घरांत चुलीला हात लावला नाही अशी चर्चा झाली. गावोगावी वातावरण तापलं. त्या आठवड्यात विशाखा क्लासला आली तेव्हा सरांनी तिला दारातच गाठलं. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. "बेटा, चार दिवस येऊ नको. लोकं बोलायलेत. निवळलं की ये."

"सर, पुढच्या महिन्यात प्रॅक्टिकलची परीक्षा हाय. माझ्या घरी मशीन हाय का?"

"मग मागच्या मशीनवर बस. खिडकीतून रस्त्यावर दिसतीस तू, कुणी काचा फोडल्या तर?"

"दिसू द्या," ती म्हणाली. चपला काढल्या, आत आली, खिडकीपाशी बसली. "चार दिवस म्हणून उठवलेलं माणूस परत बसत न्हाई सर. हे आमच्या घरी कुणाला शिकवावं लागत न्हाई."

तिनं प्रॅक्टिकल पूर्ण केलं. त्या दिवशी सर चहाला गेले नाहीत, दाराशी मेनस्विचजवळ उभे राहिले. काही मुलं पिशव्या उचलून निघून गेली. आणि विशाखानं, सर समोर असताना, गेम लावला. एरवी सर जिन्यावर दिसले की आम्ही तो झटक्यात बंद करायचो. दार उघडलं, शिपाई आला, पडला. दुसरं दार. मग मान न वळवता तिनं विचारलं, "मग, बाप कोण ठरला?"

तिला त्या वेळी काय हवं होतं ते मला नेमकं कळलं, आणि याचा मला आजही अभिमान आहे. धीर नको होता, दया तर नकोच होती. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी, खिडकीतून दिसेन असा बसलो आणि रोजच्यासारखा करवादलो, "दुसरा. तुझा पहिला म्हणजे नुसता सपाट वावर." अन्वर मागून म्हणाला, "दोघं येडे हाईत. फुगेवाला." आणि आमचं सुरू झालं. आवाज चढले, जिने निघाले, दारं निघाली. सर म्हणाले, "बस झालं, उठ आता." ती म्हणाली, "मी मेले की उठते सर. नियम हाय. त्याच्या आदी न्हाई." सरांचा हात स्विचवर होता. तो तिथंच राहिला. बऱ्याच वेळानं तिला गोळी लागली, पडदा लाल झाला, आणि ती शांतपणे उठून मला म्हणाली, "बस. तुझा नंबर." काचा फुटल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ती वेळेवर आली, त्याच खुर्चीत बसली. परीक्षाही पास झाली.

पुढं पूर्णेत तिनं स्वतःचा क्लास काढला. गल्लीतल्या, वाडीवस्तीवरच्या किती पोरी तिथं शिकल्या. अन्वर दुबईला गेला. मी नोकरीत मुरलो. पण नवा कुठलाही गोळीबाराचा गेम निघाला की तिचा फोन ठरलेला, "बघ, ह्यातबी दार हाय." मी म्हणायचो, जिनाही आहे. आजारपणात आवाज खोल गेला होता, तरी शेवटच्या फोनवर म्हणाली, "मी दमले म्हणून तू जिंकलास असं समजू नको."

मागच्या रविवारी पूर्णेला गेलो. क्लासची खोली झाडून ठेवलेली, दारात चपलांची जागा. तिच्या टेबलावर नवा, पातळ पडदा, आणि त्याच्या खालच्या कडेला, मधोमध, बोटभर पांढरी चिकटपट्टी. जुने गेम नव्या मशीनवर चालवायची सोय तिनं कधीच करून घेतली होती. सुमेधानं पहिला गेम लावून खुर्ची माझ्याकडं सरकवली. मी म्हणालो, तिची खुर्ची आहे, राहू दे रिकामी. हार घातलेला फोटो भिंतीवर होताच.

"रिकामी कशाला?" सुमेधा म्हणाली. "आईचाच नियम हाय ना काका, मेलं की उठायचं. बसा. तुमचा नंबर हाय."

बसलो. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पडदा नीट दिसेना. पट्टीखाली जीव किती उरलाय ते कळत नव्हतं. दुसऱ्याच खोलीत मेलो आणि उठलो. सुमेधा बसली. तिच्या आईसारखीच, पाठ ताठ.

"तरी माझं म्हणणं कायम आहे," मी डोळे पुसत म्हणालो. "दुसराच."

पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "जिन्याला आदी दार लागतं, काका."

मी दुसरी खुर्ची ओढली आणि तिला समजावून सांगायला बसलो. परतीच्या गाडीला अजून वेळ होता.