विहीणबाईंची म्हैस

मंडळी, वाचनालयाच्या या फळ्यावर आज बातम्यांऐवजी माझा वैताग वाचा.

लेकीला बाळंत होऊन दहा दिवस झाले. सकाळीच विहीणबाई तिला भाताच्या रोवणीसाठी न्यायला हजर! "आमची म्हैस परवा व्याली, आज चरून राहिली. तुमची पोरगी काऊन लोळून राहिली?"

मी समजावलं, "रेडकू पोटातच तयार होऊन येते, तासाभरात उभं राहते. मांजराचं पिल्लू डोळे मिटून येते. माणसाचं बाळ तर मानही धरत नाही. तुमचा लेक कधी चालला?"

"वर्षानं."

मला वाटलं, जिंकलो.

"मंग नातवाले ठेवा तुमच्यापाशी. सून तेवढी पाठवा!"

लेक बाळाला पाजत होती, तिथंच रडू लागली. तिला मी पाठवणार नाही. पण विहीणबाईंची म्हैससुद्धा संध्याकाळी रेडकासाठी ओरडत घरी येते. मंडळी, तेवढं तरी त्यांना कोण सांगेल?