एकोणबत्तीस

"एका हातावर किती मोजता येतं?" पहिल्या तासाला उजवा हात वर करून सर एवढंच विचारत. "पाच म्हणणाऱ्यांनी उद्यापासून टायपिंगच्या क्लासला जावं. समोरचाच जिना आहे."

सगळा वर्ग पाचच म्हणालेला असे.

मग ते बोटं मिटून एकेक उघडत. अंगठा एक, तर्जनी दोन, मधलं चार, त्यापुढचं आठ, करंगळी सोळा. उघडं बोट मोजायचं, मिटलेलं सोडून द्यायचं. अशा पाच बोटांत एकतीसपर्यंतची प्रत्येक संख्या बसते. नुसता चार मात्र ते हातावर दाखवत नसत. ते एकच बोट उभं राहिलं की मागची रांग का हसते, हे त्यांना दोन बॅचेसनंतर कुणीतरी सांगितलं म्हणे. तेव्हापासून, "चार फळ्यावर बघा."

कोथरूडमध्ये तेव्हा दर दुसऱ्या इमारतीत कॉम्प्युटर क्लास निघत होता. आमचा दोन खोल्यांचा होता. सर टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. जुन्या एक्स्चेंजमधल्या आपोआप चालू-बंद होणाऱ्या कळा दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी सरली होती. "कळ चालू असते नाहीतर बंद. 'जराशी चालू आहे' असं म्हणणारा माणूस आम्ही कामावर ठेवत नव्हतो." कॉम्प्युटरलाही तेवढंच कळतं, एक किंवा शून्य, आणि अशा एकेका जागेला बिट म्हणतात, हे त्यांनी एवढ्यातच उरकलं.

मला नोकरी हवी होती, आणि तोंड उघडल्याशिवाय ती मिळणार नव्हती. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. एकोणसाठ म्हणजे एकोणसत्तरच्या आधीचा की नंतरचा, हे मला मनात वीस-तीस करत मोजावं लागे. सर सगळे आकडे मराठीत सांगत. पाच महिन्यांत मी एकही प्रश्न विचारला नव्हता.

एकदा त्यांनी पाचही बोटं उघडली. "सगळे एक झाले. आता पुढच्याला नवीन घर लागणार, बत्तीसचं. म्हणजे हा कोण? एकोणबत्तीस! आणि सात? एकोणआठ. पंधरा? एकोणसोळा."

वर्ग हसला. मला वाटलं, उत्तर सोपं होतं म्हणून हसले. मी तिन्ही शब्द वहीत नीट लिहून घेतले. मराठीत प्रत्येक तांत्रिक गोष्टीला असा अवघड शब्द असतोच, अशी माझी समजूत होती.

मुलाखत कर्वेनगरमधल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर झाली. समोर दोघे होते. मी पहिल्याच उत्तराला अडखळले, तेव्हा एक जण म्हणाला, "मराठीत सांगा, चालेल." त्याला बिचाऱ्याला काय माहीत! "आठ बिट्समध्ये मोठ्यात मोठी संख्या कोणती?"

"एकोणदोनशेछप्पन्न," मी म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसरा हसू लागला. "हे कुठलं मराठी? अहो, असा शब्दच नाहीये."

एरवी मी तिथेच संपले असते. पण शब्द चुकला असला तरी त्यामागचं गणित मला पक्कं ठाऊक होतं.

"शब्द नसेल. उत्तर बरोबर आहे," मी म्हणाले. "आठही बिट्स एक झाले, की पुढच्या संख्येला नववा बिट लागतो. ती दोनशे छप्पन्न. म्हणून आठांतली मोठ्यात मोठी तिच्याहून एकने कमी. विसाच्या आधी एकोणीस, तसंच."

हसणारा हसायचा थांबला. सोमवारपासून यायला सांगितलं.

सरांना हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीत मागे टेकले. "अरे देवा. तिथे म्हणालात?"

"तुम्हीच शिकवलंत."

"गंमत होती हो ती. बाकीचे हसत होते आणि तुम्ही लिहून घेत होतात. दिसत होतं मला."

"मग सांगितलं का नाही?"

"पाच महिन्यांत पहिल्यांदा तुम्ही आपणहून काही लिहून घेतलंत. म्हटलं, राहू दे." मग म्हणाले, "चूकच झाली माझी. उद्या नवीन बॅच आहे. पहिला तास तुम्ही घ्या."

ही शिक्षा की बक्षीस, हे त्यांच्या आवाजावरून कधीच कळत नसे. तुम्हीही असे एखादे मास्तर पाहिले असतील.

त्यानंतरच्या दिवाळीत सर मुलीकडे नाशिकला राहायला गेले आणि पुन्हा आमची भेट झाली नाही. म्हणून तो तास हीच माझ्याजवळची त्यांची शेवटची आठवण. मी फळ्याकडे तोंड करून भराभर बोलत होते. वीस मुलं मख्ख बसली होती. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, नाही कळलं. परत सांगा."

सगळ्यांनी वळून त्या पिकल्या केसांच्या विद्यार्थ्याकडे पाहिलं. मी परत सांगितलं, या वेळी वर्गाकडे तोंड करून. मग खिडकीजवळच्या मुलीने शंका विचारली, तिच्या शेजारणीने त्याहून अवघड विचारली.

मी उत्तर देत असताना सर हळूच उठले, दाराशी चपला घातल्या आणि जिना उतरू लागले. मला दिसलं. पण मी बोलणं थांबवलं नाही.