वाऱ्याला वजन

मुंबईची माणसं चार तास चालण्यासाठी पाच तास गाडीत बसून येतात, हे माझ्या आत्याला कधीच पटलं नाही. "तिकडं समुद्र हाय ना? मग त्याच्या कडंनं चालायचं," असं ती म्हणायची. तरी एकदा असा गट येणार असल्याचं कळलं आणि आदल्या दिवशीच ती आमच्या घरी मुक्कामाला आली. का आली ते मला सकाळी कळलं.

आमचं गाव भोरच्या पश्चिमेला, धरणाच्या पाण्याकाठी. एसटी आमच्याच दारापुढं वळून माघारी जाते. तिथून डोंगर सुरू होतो आणि खिंड ओलांडून वर पठारावर सात घरांची वस्ती आहे. आत्या तिथं शेळ्या-मेंढ्या आणि दोन म्हशी राखून राहते. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांना पठारावर नेऊन आणायचे. सकाळी सातला निघायचं आणि दुपारी जेवायला खाली यायचं. वरून एका बाजूला राजगड आणि तोरणा दिसतात, दुसऱ्या बाजूला धरणाचं पाणी. फोटो छान येतात.

आत्या भोरच्या बाजारातनं सामान आणून आमच्या ओसरीवर ठेवायची आणि जमेल तसं डोक्यावरून वर न्यायची. मामांचे, म्हणजे तिच्या मालकांचे, गुडघे गेलेले. त्या सकाळी ओसरीवर म्हशींची पेंड होती, खडेमिठाची पिशवी होती, गुळाची ढेप, तेलाचा पाच लिटरचा डबा आणि एक नवाकोरा वरवंटा.

आठ जण आले. सगळ्यांच्या पाठीवर मोठमोठ्या सॅक आणि आत फार तर पाण्याची बाटली नि बिस्किटं. आत्यानं त्या सॅककडं बघितलं आणि काळजीच्या सुरात म्हणाली, "खिंडीत आज वारा लई असनार. रिकामं मानूस तिथं टिकत न्हाई."

"म्हणजे?" गटाच्या म्होरक्यानं विचारलं. तिशीचा, हातात घडीची काठी, फार वाचलेला.

"पाठीवर वजन पायजे. आमी कदी मोकळं जात न्हाई."

आता आत्याची ही थाप इथंच उघडी पडायची. पण म्होरक्यानं मान डोलवली आणि बाकीच्यांना गुरुत्वमध्य समजावून सांगितला. वजन खाली असलं की तोल कसा राहतो, हे त्यानं काठीनं मातीत आकृती काढून दाखवलं. आत्यानंही ती आकृती मन लावून बघितली. मग आम्ही दोघींनी सामान वाटलं. मी हसू दाबायला पेंडीच्या गोणीत तोंड घातलं होतं. वरवंटा एका सडपातळ मुलीच्या वाट्याला आला. खडेमीठ गेलं गटातल्या सगळ्यात वयस्कर बाईंकडं. त्या पासष्टीच्या होत्या, आखूड पांढरे केस, बोलणं कमी. मी नको म्हणत होते, पण त्यांनी स्वतःच सॅक उघडून पुढं केली.

चढ दमवणारा आहे. वरवंटेवाली मुलगी तीनदा बसली. आत्या मात्र मोकळ्या हातानं पुढं, मागं वळून धीर देत होती, "बास, आलंच. तुमी लई काटक हाय."

खिंडीत पोचलो तर वाऱ्याचा पत्ता नाही. गवताचं पातंही हलत नव्हतं. म्होरक्या इकडंतिकडं बघत म्हणाला, "आज वारा दिसत नाही."

"तुमी तयारीनं आलाव, त्याला कळलं असंल," आत्या म्हणाली.

वस्तीवर पोचल्यावर तिनं जाहीर केलं की उतरताना वारा पाठीमागनं असतो, तेव्हा ओझं चालत नाही. सगळ्यांनी आनंदानं सॅक रिकाम्या केल्या. पेंड आली, गूळ आला, तेल आलं, वरवंटा आला. मिठाची पिशवी तेवढी नाही.

"बाई, मीठ?" आत्यानं विचारलं.

"ते होय," बाई शांतपणे म्हणाल्या, "प्रत्येक वळणावर मूठ मूठ टाकत आले. परतताना वाट सापडायला बरं."

आत्याचा चेहरा मी तसा कधीच बघितला नव्हता. दगडावर मीठ म्हणजे सगळा कळप खिंडीत चाटत बसणार आणि संध्याकाळी एकही शेळी माघारी येणार नाही. ती पदर खोचून तशीच खिंडीकडं धावली. दहा मिनिटांनी घाम पुसत परत आली, तेव्हा बाई मामांच्या शेजारी बसून ताक पीत होत्या आणि मिठाची पिशवी मामांच्या मांडीवर होती. मामांना हसू आवरत नव्हतं.

"माझी सगळी नोकरी मुंबई बंदरावर कस्टममध्ये झाली," बाई म्हणाल्या. "माल कुणाचा आणि वाहणारा कोण, हे मला लांबूनच कळतं."

आत्या पदरानं वारा घेत त्यांच्यासमोर बसली. तिनं विचारलं, "मग खालीच का न्हाई बोलल्या?"

"बोलले असते तर हे सगळं तुम्हाला एकटीला आणावं लागलं असतं."

मला लाज वाटली ती फसवल्याची नाही. इतकी वर्षं ते ओझं ती एकटीनं चढवत होती आणि मी खाली पुस्तक घेऊन बसत होते, त्याची. ताक वाटताना आत्यानं आपणहून सगळ्यांना खरं सांगून टाकलं. म्होरक्याचे कान लाल झाले. मग वरवंटेवाली मुलगी खो खो हसायला लागली, आणि तिच्याकडं बघून तोही हसला. खरं सांगितलं असतं तरी आम्ही आणलं असतं, असं तो म्हणाला. आत्याला ते खरं वाटलं नाही, मला वाटलं.

दिवाळीनंतर त्या बाई एकट्याच आल्या आणि वस्तीवर चार दिवस राहिल्या. पाचव्या दिवशी मी त्यांना न्यायला वर गेले. दोघी अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. आत्या त्यांना सांगत होती की तुमाला शेंगा सोलता येत न्हाईत, आणि बाई तिला सांगत होत्या की तुम्ही सकाळपासून अर्धी शेंगसुद्धा सोललेली नाही.

"निघायचं ना?" मी विचारलं.

बाईंनी वर बघितलंच नाही. "उद्या ये," त्या म्हणाल्या.

मी दोन मुठी दाणे ओढणीत बांधून घेतले आणि एकटीच खाली उतरले.