माझ्या नावाचे दोन कॅन

"मुलगी चांगली आहे हो वन्सं, पण पाणी फार लागतं तिला."

हे सासूबाई आत्यांना सांगत होत्या. म्हणजे त्यांच्या नणंदेला. त्या दोघी अंगणात, मी बाथरूममध्ये, मध्ये पत्र्याचं दार. माझा मग हवेतच थांबला. पाण्याचा आवाज बंद झाला तशा त्याही थांबल्या. मग आत्या हळूच म्हणाल्या, "ऐकलं वाटतं."

डोक्याला शिकेकाई तशीच होती. उरलेली आंघोळ मी तीन मगांत, आवाज न करता केली. करून बघा कधी.

लग्नाला दोन महिने झालेत. माझ्या माहेरी बोअरिंग होतं, इथे सासरी, दाना ओली नावाच्या गल्लीत, नळ येतो दिवसाआड. पाणी किती साठतं ते सासऱ्यांच्या, म्हणजे बाबांच्या, वहीत असतं. किस्से मात्र वहीशिवायच साठत जातात.

*

एक दिवस गल्लीत भोंग्याची रिक्षा फिरली. मुख्य लाइनची मरम्मत, नळ तीन दिवस बंद. बाबा विज्ञानाचे रिटायर्ड मास्तर. लगेच वही आणि लिटरचा तांब्या घेऊन बसले. "खरं सांगायचं. आंघोळीला कोणाला किती?"

"मला काय, चार तांबे," आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या.

"मला तीन," आत्या म्हणाल्या.

माझा नवरा सुमीत बाथरूममध्ये शिरला की बाहेर लाइन लागते. तो म्हणाला, "अर्धी बाल्टी. बस. टेंशन मत लो."

बाबांनी बेरीज केली, चष्मा पुसला, परत केली. "या हिशेबाने आपण माणसं नाही, उंट आहोत."

मला कोणी विचारलंच नाही. इंदरगंजच्या बाजारातून मोठे कॅन आले, बाबांनी मार्करने नावं घातली. प्रत्येकाच्या नावाचा एक, माझ्या नावाचे दोन. "नवी आहे. संकोच नको व्हायला," ते प्रेमाने म्हणाले.

आईंनी आत्यांकडे फक्त पाहिलं.

*

बंदच्या आदल्या दिवशी शेवटचा नळ आला. कॅन भरले. उरला स्वयंपाकाचा मोठा ड्रम. आत्या म्हणाल्या, न घासता त्यात पाणी भरायचं नाही. ड्रम आतून घासला, बाहेरून घासला. मग पितळेचे हंडे चिंच लावून. मग नळाचं तोंड. सगळं चकचकीत झालं तेव्हा नळाने दोनदा फुर्र केलं आणि गेला. हंडे कसेबसे भरले होते, ड्रम अर्धाच.

बाबांनी ड्रममध्ये डोकावलं. आत्या म्हणाल्या, "पण ड्रम बघ कसा दिसतोय."

*

बंदचा पहिला दिवस. सकाळी उठून बघतो तर हंडे पालथे, तुळस न्हाऊन निघालेली, अंगण ओलं.

"ताई, पाणी?" बाबांनी विचारलं.

"ओतलं. कालचं होतं ते. शिळं पाणी कोणी पितं का?"

"मग ताजं कुठून आणणार आता?"

आत्यांनी खरोखर विचार केला. मग म्हणाल्या, "ते तू बघ. सायन्स तू शिकवायचास."

दुसऱ्या सकाळी त्यांनी स्वतःच्या नावाचा कॅनही ओतला. तोवर तो दोन दिवसांचा झाला होता.

*

त्या दुपारी घराबाहेर पाऊल ठेववत नव्हतं. बाबा कूलरसमोर वही घेऊन बसले होते. "माणसं पाच, देव सात, तुळस एक. सगळं धरलंय. मग पाणी जातंय कुठं?"

आणि मान न वळवता म्हणाले, "सुमीत, ज़रा कूलर भर रे. रिकामा झालाय बघ."

सुमीतने त्यात आधी स्वतःचा कॅन ओतला, मग बाबांचा. मी ताकासाठी जिरं भाजत होते. तोंडाशी आलं होतं, पण सासऱ्यांच्या कूलरबद्दल नव्या सुनेने काय बोलायचं? मी जिरं जरा जास्तच भाजलं.

*

तिसऱ्या दिवशी दुपारी चारला भोंगा परत आला. काम लांबलं, नळ उद्या संध्याकाळी.

आई चहाचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. ड्रम कलता करून पाहिला, मग एकेक कॅन. आत्यांच्या देवांची आंघोळ राहिली होती. बाबांच्या तळहातावर चारची गोळी होती, गिळायला घोट नव्हता.

"गेलं कुठं एवढं?" सुमीत म्हणाला.

बाबांनी वहीचं पान उलटलं आणि संकोचून म्हणाले, "जास्त तर हिच्याच नावावर आहे."

चौघांनी माझ्या केसांकडे पाहिलं. पाच दिवस तेल मुरलेली वेणी होती ती.

"लहान आहे," आई समजुतीने म्हणाल्या. "होईल सवय."

मी उठून खोलीत गेले. लग्नात आलेली मोठी सूटकेस बाजूला सारली आणि तिच्यामागचा माझ्या नावाचा दुसरा कॅन ओढत स्वयंपाकघरात आणला. तोंडापर्यंत भरलेला.

"मला पाणी फार लागतं ना आई, म्हणून जपून ठेवलं होतं. पण आत्या, तीन दिवसांचं आहे. चालेल का?"