सकाळच्या बसमधला फोन

“माय, मी वापस येऊ का वं?”

माझ्या मुलीनं हे विचारलं आणि सगळ्या बसनं ऐकलं.

फोन स्पीकरवर होता. मांडीवर मेथी आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांची टोपली, एका हातानं पुढच्या सीटचा दांडा धरलेला, दुसऱ्या हातात फोन तोंडासमोर. बायकांना तिकीट लागेनासं झालं तेव्हापासून बेल्याहून आदिलाबादला जाणारी सकाळची बस बायकांनीच भरते. त्या दिवशी माझ्या खांद्याला टेकून दोघी उभ्या होत्या. मुलीचं वाक्य संपलं आणि बसमधल्या गप्पा थांबल्या. मी काय म्हणते ते प्रत्येकीला ऐकायचं होतं.

मी म्हणाले, “मग बोलू,” आणि फोन बंद केला.

ये म्हटलं नाही, नको येऊ म्हटलं नाही. पण आईनं फोन बंद केला, याचा जो अर्थ घ्यायचा तो तिनं घेतलाच असणार.

आमच्या गावची वांगी विकणारी बाई माझ्या मागच्याच सीटवर होती. तिनं मान पुढं काढली.

“काय वं बुढे, पोरीचं बिनसलं वाट्टे?”

“तुह्ये वांगे सडून राह्यले, तिकडं पाह्य,” मी म्हणाले.

संध्याकाळी पिठाच्या गिरणीवर गेले, तर ज्या बाईनं कधी बसमध्ये पाय ठेवला नाही तीही विचारत होती, पोरगी केव्हा येऊन राह्यली म्हणून.

माझी मुलगी हैद्राबादकडं दिलेली आहे. कपडे शिवायच्या कारखान्यात मशीनवर बसते. आत जाताना फोन गेटवर ठेवून घेतात. घरी दोन खोल्या, त्यात नवरा, सासू आणि दीर. तिला मोकळं बोलायला मिळतं ते फक्त घरून कारखान्यापर्यंत चालत जाताना, सातनंतरचा अर्धा तास. त्याच वेळी मी बसमध्ये असते. बाजार बुडवून घरून बोलावं म्हटलं, तर आमच्या गावात फोन लागत नाही. गाव सीमेवरचं, फोन कधी महाराष्ट्राचा टॉवर धरतो, कधी तेलंगणाचा, आणि बोलायला लागलं की दोन्ही सोडतो. सडकेला लागल्यावरच नीट चालतो. म्हणून दोन वर्षं आम्ही मायलेकी चालता-चालताच बोलत आलो. ती पायी, मी बसमध्ये.

दुसऱ्या दिवशी मीच फोन लावला.

“काही नाही माय, सहज विचारलं होतं,” ती म्हणाली.

आता “काही नाही” असं माणूस खरंच काही नसलं तरी म्हणतं, आणि सगळं संपलं असलं तरी म्हणतं. फरक आवाजात असतो. पण त्या बसच्या खिडक्या अशा वाजतात, की मला शब्द कळले, आवाज कळला नाही. आणि दोघीतिघी माझ्याकडं कान करून बसल्या होत्या. मी “बरं” म्हणाले. तीही “बरं” म्हणाली. तिसऱ्या दिवशीही तेच झालं. मग तिनं फोन उचलणंच कमी केलं.

आमच्या बसमध्ये एक मास्तरीणबाई येतात. खिडकीशी बसतात आणि ओढणीच्या आत तोंड घालून हळू हळू बोलतात. वर्षभर मला वाटत होतं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, आणि सरकार अशांच्या हातात लेकरं देतं. एक दिवस ओढणी सरकली तेव्हा दिसलं, कानात पांढरं काहीतरी आहे. मी सरळ विचारलं, हे काय आहे.

त्यांनी काढून दाखवलं. शेंगदाण्याएवढं. वायर नाही. “आजी, तुमीही घ्या. समोरच्याचं बोलणं फक्त तुमाले ऐकू येईल. लय महाग घेऊ नका, पण गाडीवरचं अगदी स्वस्तही घेऊ नका.”

मी आधी बसस्टँडबाहेरच्या गाडीवरून वायरवालंच घेतलं. स्वस्त ते बरं. दुसऱ्याच दिवशी उतरताना वायर टोपलीच्या दोरीत अडकली. मी खाली, टोपली वर, वायर मधून तुटली. तेव्हा मोबाईलच्या दुकानात गेले.

दुकानदार तेलुगू माणूस, पोट सुटलेला, माझ्याशी हिंदीत बोलत होता. त्यानं पहिलं विचारलं, फोनमध्ये ब्लूटूथ आहे का. मी म्हणाले, बॅटरी आहे, अंधारात लावता येते. त्यानं माझा बटणांचा फोन हातात घेऊन खूप वेळ दाबादाबी केली आणि म्हणाला, आहे. दोन वर्षं माझ्याजवळ होतं आणि मला माहीत नव्हतं.

मग त्यानं काचेवर सहा डब्या मांडल्या. इथून पुढं मला काही कळेनासं झालं. ही चाळीस तास चालते, ती वीस तास. मी म्हणाले, मला अर्धा तास बोलायचं आहे. तो म्हणाला, चाळीस तास कानात नाही, डबीसकट. म्हणजे डबीही कानात घालायची का? नाही, डबी चार्ज करायची आणि डबीनं याला चार्ज करायचं. आणि डबी संपली तर? तर तिला वायर लावायची. म्हणजे वायर आहेच. बिनवायरीचं म्हणून विकतात आणि खोक्यात वायर देतात.

एका डबीबद्दल म्हणाला, ही बाहेरचा आवाज बंद करते. मी म्हणाले, बसचा आवाज बंद झाला तर माझा थांबा आलेला मला कसा कळेल? दुसरीबद्दल म्हणाला, ही तुमच्याकडचा गोंगाट समोरच्याला जाऊ देत नाही. मी विचारलं, मग माझ्याकडचा गोंगाट जातो कुठं? त्यानं कपाळावरचा घाम पुसला. पौषातल्या थंडीत.

तरी त्यानं तीन जोड्या एकामागून एक माझ्या कानांत बसवल्या आणि गाणं लावलं. तिन्हींत आवाज लांबून आला, पलीकडच्या वावरात कुणी रेडिओ लावल्यासारखा. मी म्हणाले, तिन्ही खराब आहेत. त्यानं स्वतःच्या कानात घातलं आणि लगेच झटक्यानं काढलं, एवढा मोठा आवाज होता.

“अम्मा, आवाज बराबर आरा. तुमारे कान दिखालो डॉक्टर को.”

मी काही न घेता बाहेर आले.

पुढचे दोन दिवस मी माझे कान तपासत फिरले. कंडक्टरबाई ओरडली, ऐकू आलं. गिऱ्हाईकानं जुडीचा भाव पाडून मागितला, तेही ऐकू आलं. शेजारचा कोंबडा ऐकू आला. मग गाणं का येत नाही? बहिरेपणा असा निवडून येतो का, कोंबडा सोडून फक्त फोनचाच? मला भीती वाटली, ते लपवत नाही. मुलगी एकच वाक्य विचारून गप्प झाली होती. ती पुन्हा बोलली आणि मलाच ऐकू आलं नाही, तर तिनं विचारायचं कुणाला?

तिसऱ्या दिवशी बसमध्ये मास्तरीणबाईंनी विचारलं, घेतलं का. मी सांगितलं, कान गेले. त्या म्हणाल्या, माझं घालून पाहा. त्यांनी माझ्या डोक्यावरची शाल मागं केली, कानाशी वाकल्या आणि थांबल्या.

“आजी, कानात काय आहे?”

“कापूस.”

“काऊन?”

“थंडी नाही का?”

आमच्याकडं थंडी पडली की बाहेर निघताना कानात कापूस घालतात. विकतचा नाही, आपल्याच वावरातल्या बोंडाचा, सरकी काढून, कोमट तेलात बुडवून. माझ्या आईनं मला घातला, मी माझ्या मुलीला घातला. ऊन वर आलं की काढायचा असतो. पण बाजारात हात रिकामा नसतो आणि माझा तो कानातच राहतो. संध्याकाळी आठवण झाली तर काढते.

“अन् दुकानातही होता?” बाईंनी विचारलं.

मी मान डोलावली. त्यांनी दोन्ही पुंजके काढून माझ्या तळहातावर ठेवले. वांगेवाली एवढी हसली, की तिला ठसका लागला.

“बुढी कापूस विकाले नेऊन राह्यली वं, कानात लपवून!”

बस हसत होती आणि मी तळहाताकडं बघत होते. एक गोष्ट तेव्हाच कळली. फोन कानाला लावून बोलले तर ऐकू येत नाही, म्हणून मी या थंडीत तो स्पीकरवर ठेवू लागले होते, तोही सगळ्यात मोठ्या आवाजावर. कापूस नसता तर फोन कानाशी असता. मुलीचं वाक्य मी एकटीनं ऐकलं असतं. मी तिथंच उत्तर दिलं असतं. बसचा दोष नव्हता, बायकांचा तर नव्हताच.

त्याच दिवशी दुपारी रिकाम्या कानांनी पुन्हा दुकानात गेले. दुकानदार मला बघून उठला, बहुतेक पळायलाच. मी म्हणाले, गाणं लावू नको, मला गाणी ऐकायची नाहीत. तू बाहेर सडकेवर जा, जिथं ऑटो भोंगे वाजवतात तिथं, आणि तिथून मला फोन कर. तो कुरकुरत गेला. असं चार वेळा त्याला बाहेर पाठवलं, दर वेळी कानात वेगळी जोडी. एक जोडी बोट लागलं की फोन बंद करायची. माझा पदर कानावरून सरकला तरी बंद. ती नको. एक कानातून सारखी गळून पडायची. एकीत त्याचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. चौथ्या जोडीत त्याचा श्वास ऐकू आला. उन्हात सडकेवर चार वेळा ये-जा करून त्याला धाप लागली होती, ती स्पष्ट कळली. मी तीच घेतली. ती सगळ्यात स्वस्त नव्हती, सगळ्यात महागही नव्हती. किती तास चालते ते आता आठवत नाही.

परतीच्या बसमध्ये मास्तरीणबाईंनी ती फोनला जोडून दिली आणि मुलीला मेसेज लिहून दिला, की माय उद्या फोन लावेल, उचल.

सकाळी तिनं उचलला. मी म्हणाले, “बोल.”

“काही नाही माय,” ती म्हणाली.

या वेळी मला तिचा आवाज ऐकू आला. ती चालत होती, चप्पल घासत होती, आणि नाक ओढत होती. मी कानातलं बोटानं आणखी आत दाबलं. मग ती म्हणाली, “त्या दिवशी विचारलं होतं नं.”

“ये,” मी म्हणाले. “कपडे घेऊन ये. भांडे राहू दे तिकडंच. कोणाले सांगत बसू नको, ये.”

ती हो म्हणाली. कारखान्याचं गेट आलं असेल, फोन बंद झाला.

मी मान वर केली तर सगळी बस माझ्याकडं बघत होती. पुढं उभी असलेली कंडक्टरबाईसुद्धा.

“काय वं बुढे,” वांगेवाली म्हणाली, “आमाले काऊन वरडून सांगून राह्यली?”

मी कानातलं काढलं आणि मास्तरीणबाईंकडं पाहिलं.

“आजी, कान बंद असले की आपला आवाज आपल्याला कळत नाही,” त्या म्हणाल्या. “तुमी ओरडूनच बोलत होत्या.”

म्हणजे जे टाळायला एवढी डबी घेतली, तेच झालं. फरक इतकाच, की या वेळी तिचं नाही, माझं ऐकलं. बरं झालं की वाईट, मला तेव्हा ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही. बसमध्ये कुणी हसलं नाही.

जैनद गाव मागं गेल्यावर वांगेवालीनं पुन्हा मान पुढं काढली.

“घरी दुसरी खाट हाये का वं? माह्याकडं एक पडून हाये.”

“सुतळी ढिली असंल,” मी म्हणाले.

“ताणून घे मंग.”

खाट घेतली. सुतळी ढिलीच होती.

रविवारी मुलगी आली, एक बॅग आणि शिवणाच्या कात्रीचा डबा घेऊन. तिकडं नेमकं काय झालं ते तिनं मला अजून पूर्ण सांगितलेलं नाही. मी एकदा विचारलं, तिनं ताटातली भाकर मोडली आणि चटणी पुढं ओढली. पुन्हा विचारलं नाही. आता सकाळच्या बसमध्ये मला फोन येत नाही. कानातली जोडी तिच्याकडं आहे. आदिलाबादला शिवणकामाच्या दुकानात कामाला जाताना ती माझ्याच शेजारी बसून गाणी ऐकते. थंडीत कापूस घाल म्हटलं तर घालत नाही.

गावात अजून कुणी विचारतं, काय झालं होतं म्हणून. जे झालं ते तिनं सोसलं आणि मी सोसलं. आता घरात आम्ही दोघी आहोत, एवढंच मी सांगते.