पाढ्यांची मंगलाष्टकं

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की घरातली एखादी सून मला हमखास विचारते, "आई, तुम्ही म्हणे लहानपणी पोरांना फार छान रमवायच्या. सांगा ना, काय काय करायच्या?" विचारणारीचा काही दोष नसतो, पण माझं डोकं फिरतं ते फिरतंच. ते काम मी हौसेनं घेतलं नव्हतं. माझ्या गळ्यात मारलं होतं, आणि मी ते चांगलं केलं म्हणूनच पुढचं सगळं झालं.

मी चौथी पास झाले ते वर्ष. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. आमचं गाव तिरोड्यापासून दोन कोसांवर आणि गावातली शाळा चौथीपर्यंतच. आमच्या वर्गात मुली दोघी, त्यातली पास झाले मी एकटी. गुरुजी स्वतः ओसरीवर येऊन बाबांना म्हणाले होते, "पोरीला पुढं तिरोड्याला पाठवा. मावशी आहे ना तिची तिथं?" बाबा म्हणाले, "पाठवू." मी दाराआडून स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्या एका शब्दावर मी अख्खा उन्हाळा काढायला तयार होते. मग सुट्टी लागली आणि गुरुजी आपल्या गावी निघून गेले.

आमचं धानाचं शेत थोडं. उन्हाळ्यात त्यात काम नसायचं, म्हणून माय आणि दोघी काकू तांबडं फुटायच्या आत रानात तेंदूपत्ता तोडायला जायच्या. आल्यावर दुपारभर पानांचे पुडके बांधायचे आणि संध्याकाळी ठेकेदाराच्या फडावर न्यायचे. घरात उरायची लहान पोरं. माझी भावंडं, काकूंची पोरं आणि शेजारणीचं एक शेंबडं, जे न विचारता आमच्या अंगणात आणून टाकलेलं असायचं. सगळी माझ्या जिवावर, आणि मी अकरा वर्षांची. माझ्याहून वर्षानं मोठा भाऊ त्याच परीक्षेत नापास झालेला. तो सकाळीच भाकर बांधून बोदलकसाच्या तलावावर मासे धरायला पसार. "एक पोर घे कडेवर" असं त्याला कोणी म्हटलं नाही. मुलगा ना तो! सुट्टी त्याला होती, मला पोरं होती.

सुरुवातीला माझे फार हाल झाले. चिंचोके खेळायला काढले, तर धाकट्यानं एक नाकात घातला. पळसाच्या पानांच्या टोप्या करून दिल्या, त्या शेळीनं खाल्ल्या. लपाछपी मांडली, तर एक जण थेट विहिरीच्या काठावर सापडला. नेमकी तेव्हाच मोठी काकू रानातून आली. तिनं डोक्यावरचा भारा टाकला आणि माझ्या पाठीत धपाटा घातला.

"काऊन वं, तुले एवढे पोट्टेही सांभाळता येत नाही? शाळंत जाऊन शिकली काय मंग?"

शाळेत पोरं सांभाळायला शिकवत नाहीत, काकू. तेव्हा बोलायची छाती झाली नाही, म्हणून आता लिहिते.

अक्षय्य तृतीया जवळ आली होती. आमच्याकडे तिला अक्ती म्हणतात आणि त्या दिवशी पोरं मातीच्या पुतरा-पुतरीचं, म्हणजे नवरानवरीचं, लग्न लावतात. घरोघरी ते तासाभरात आटोपतं. मी मात्र ते आधीपासून रोज थोडं थोडं लांबवायचं ठरवलं, कारण पोरं विहिरीपासून दूर राहायला हवी होती. तळ्याची माती आणून आम्ही पुतरा-पुतरी केली. एकाला काजळाच्या मिशा काढून नवऱ्याचा बाप केलं. काकूच्या पाच वर्षांच्या पोरीला नवरीची माय केलं. शेजारणीच्या शेंबड्याला रॉकेलचा रिकामा डबा दिला आणि तो वाजंत्री झाला; त्या दिवसापासून त्याचं रडणं बंद. एक दिवस मुलगी बघणं, एक दिवस देण्याघेण्यावरून भांडण, एक दिवस रुसलेल्या व्याह्याची समजूत. पोरं सकाळी डोळे चोळत आपणहून अंगणात येऊन बसायला लागली.

अक्तीला जांभळाच्या डहाळ्यांचा मांडव घातला, फडक्याचा अंतरपाट धरला. पण मंगलाष्टकं मला कुठे येत होती? मी पाढे म्हटले. तीच चाल, तसाच लांबवलेला सूर. "तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस, तेरा त्रिक एकोणचाळीस, शुभमंगल सावधान!" की पोरांनी तांदूळ टाकायचे आणि डबा बडवायचा. तेराचा संपला की चौदाचा. ओसरीवर बसलेली मोठी माणसं पोट धरधरून हसत होती. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

त्या माणसांत एक पाहुणा होता. बाबांच्या लांबच्या नात्यातला, देवरीकडचा, बैल बघायला आलेला. पाणी पिऊन उठायचा तो दुपारपर्यंत बसला. मी एक रडकं पोर कडेवर घेऊन दोघांचं भांडण सोडवत होते, सगळ्यांना गूळभात वाढत होते, ते तो बघत राहिला. मग बाबांना म्हणाला, "भाऊ, बैलाचं राहू द्या जी. हे पोरगी आमच्या घरी द्या. माह्या पोराले अशीच पाह्यजे."

चौदाचा पाढा न अडखळता म्हणणारी मुलगी समोर उभी होती, आणि त्या माणसाला तिच्यात सून दिसली! त्याचं एक वेळ सोडा, तो परका. बाबांना काय दिसलं? ते तर तिथल्या तिथे फुलले.

संध्याकाळी माय पुडके बांधत होती, बाबा बाजेवर बसले होते. मी म्हटलं, "बाबा, तुमी तं मले तिरोड्याले धाडतो म्हणले होते."

"चवथी झाली न. चिठ्ठी वाचता येते. आता अजून कायले?"

"मी तं फक्त पोट्ट्यांले खेळवून राहिली होती."

"तेच तं पाह्यलं त्यायनं," बाबा म्हणाले आणि हसले.

हसले! माझ्या जिवाची आग आग झाली. मायनं मान वर केली नाही. पुडका बांधता बांधताच ती म्हणाली, "घर खातंपितं हाय वं. तुले पत्ता तोडाले जा लागणार नाही." तिच्या परीनं तिनं माझं भलंच पाहिलं. पण मी तिला पत्त्याचं विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेपर्यंत जाऊन आले. दाराला कुलूप. बाबा ज्या एका माणसाचा शब्द मानायचे, तो माणूस सुट्टीवर होता. गुरुजी परत आले तोवर सगळं उरकलेलं होतं. एवढ्या लहान मुलीचं लग्न लावायचं नाही, असा कायदा तेव्हाही होता. गावचा पाटील पहिल्या पंगतीला जेवला आणि त्यानं भात दोनदा मागून घेतला. गवना, म्हणजे कायमचं सासरी जाणं, दोन वर्षांनी ठरला होता, म्हणून मी म्हटलं, तोवर तरी शाळेत जाते. "लगन झालेली पोरगी, पोट्ट्यांच्या शाळंत?" काकू कपाळावर हात मारून म्हणाली. भाऊ मात्र पुन्हा चौथीत बसला, पुन्हा नापास झाला आणि पुन्हा बसला.

लग्न मृग लागायच्या आत झालं. पोरं मांडवात सगळ्यांच्या पुढे येऊन बसली होती, कारण यातलं पुढं काय येतं ते त्यांना पाठ होतं. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली तसा शेंबडा मोठ्यानं ओरडला, "पाढा चुकून राह्यला!" सगळा मांडव हसला. माझं डोकं शालूच्या पदराखाली तापलं होतं.

रीतीपुरतं चार दिवस सासरी जायला निघायच्या वेळी मला बैलगाडीत बसवलं. काकूची पोरगी, आमच्या खेळातली नवरीची माय, चाकाला धरून उभी राहिली. ती काळजीनं म्हणाली, "बाई, आता नवरीनं रडाचं असते. तू तं रडूनच नाही राह्यली."

मी दात आवळून बसले होते. तोंड उघडलं असतं तर शिव्याच बाहेर पडल्या असत्या. गाडी हलली, आणि मागे उभ्या असलेल्या बाया एकमेकींना सांगत होत्या, पोरगी किती समजदार आहे.